कोणतं वस्तुमान, तेवढं सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या नोव्हेंबरात सुनीता विल्यम्स स्पेस स्टेशनवर होत्या तेव्हा त्यांचा एक फोटो सगळीकडे फिरला आणि त्यांचं वजन फार घटलंय अशी चर्चा सुरू झाली, मग त्यांनी स्वतःच सांगितलं की इथे आले तेव्हा होतं तेवढंच वजन आताही आहे. पेपर, टीव्ही, व्हॉट्सअॅप, सगळीकडे हे येऊन गेलं पण तिथे तर माणूस तरंगत असतो, काट्यावर उभं राहायची सोयच नाही, मग वजन मोजलं कशावर हा प्रश्न मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हता. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, आणि मला विचाराल तर त्या अख्ख्या बातमीतली सगळ्यात भारी गोष्ट हीच होती, तीच राहून गेली.

तिथे एक रशियन उपकरण आहे, स्प्रिंगवालं. माणूस त्याला पोटाशी धरून चिकटून बसतो, स्प्रिंग दाबून सोडली की माणसासकट सगळं खालीवर हलायला लागतं आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागला तो मोजतात, बास. माणूस जितका जड तितका हेलकावा संथ, वस्तुमान चौपट असेल तर वेळ दुप्पट लागतो, हे बारावीच्या पोरांना तोंडपाठ असलेलं सूत्र आहे. नासाचं दुसरं एक यंत्र आहे त्यात स्प्रिंग माणसाला ठरलेल्या जोराने ओढते आणि त्याचा वेग किती पटकन वाढतो ते बघतात, म्हणजे न्यूटनचा दुसरा नियम उलटीकडून वापरायचा. ही आयडिया जुनी आहे, १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकेच्या पहिल्या स्पेस स्टेशनवर विल्यम थॉर्नटन यांनी बनवलेलं असंच हलणारं यंत्र होतं आणि अंतराळवीर त्यावर बसून स्वतःला मोजायचे. आता यात पृथ्वीच्या ओढीचा कुठे काही संबंध आला का? नाही आला. इथे फक्त एवढंच मोजलं की हा माणूस हलवायला किती जड जातो. याला जडत्वीय वस्तुमान म्हणतात.

आता आपल्याकडचं बघा. किराणा दुकानातला जुना तराजू घ्या नाहीतर सराफाकडचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, दोन्ही पृथ्वीच्या ओढीवर चालतात. तराजू दोन पारड्यांची ओढ एकमेकांशी ताडून बघतो, म्हणून तो मुंबईला न्या नाहीतर लेहला न्या, चुकत नाही कारण ओढ कमी-जास्त झाली तर दोन्हीकडे सारखीच होते. इलेक्ट्रॉनिक काट्याचं तसं नाही, त्याच्या पोटात लोड सेल असतो, तो किती दाबला गेला ते तो बघतो आणि स्क्रीनवर ग्रॅममध्ये आकडा दाखवतो, म्हणजे खरं तर तो जोर मोजत असतो. g म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटरने वाढतो तो आकडा, मुंबईत तो साधारण ९.७८६ आहे आणि दिल्लीत ९.७९१, तेव्हा मुंबईत जुळवलेला काटा तसाच उचलून दिल्लीला नेला तर किलोभर सोन्यामागे साधारण अर्धा ग्रॅम जास्त दाखवेल. अर्धा ग्रॅम सोनं म्हणजे किती पैसे ते वाचकांना मी सांगायला नको. म्हणूनच असला काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवून घ्यावा लागतो. या सगळ्यात आपण जे मोजतो ते गुरुत्वीय वस्तुमान, म्हणजे पृथ्वी या वस्तूला किती धरून ओढते त्याचं माप.

म्हणजे हलवायला किती जड आणि पृथ्वी किती ओढते हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत, आणि दोघांचं उत्तर एकच येतं. स्टेशनवर स्प्रिंगवर बसून ६० किलो आलं तर खाली येऊन काट्यावर उभं राहिल्यावर पण ६० च. का? त्याला वरवर बघता काही कारण नाही. विजेचं बघा ना, एखाद्या कणाला विद्युतक्षेत्र किती ओढणार हे त्याच्या चार्जवर ठरतं आणि तो हलवायला किती जड हे वस्तुमानावर ठरतं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचा चार्ज आकड्याने सारखा पण वस्तुमानात १८३६ पट फरक. मग गुरुत्वाकर्षणातच असं का व्हावं की ज्या गोष्टीमुळे ओढ बसते तीच गोष्ट हलायला विरोध करते आणि तेही बरोब्बर तेवढ्याच प्रमाणात? वर्गात आपण F = mg लिहितो, पुढच्या ओळीत F = ma लिहितो आणि दोन्हीकडचे m खटाखट कापून टाकतो आणि म्हणतो बघा, सगळ्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात. ते दोन m एकच आहेत हे कुणी ठरवलं? पोरांनी विचारायला पाहिजे हे, आणि आपण त्यांना विचारायला शिकवायला पाहिजे.

न्यूटनने विचारलं होतं. त्याने ११ फुटी दोऱ्यांना दोन सारख्या लाकडी पेट्या टांगल्या, एकीत लाकूड भरलं, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं बरोबर मध्यभागी बसवलं. पेट्या सारख्या घेतल्या म्हणजे हवेचा अडथळा दोघींना सारखाच होणार, काय विचार केलाय बघा. मग दोन्ही लंबक एकदम सोडले आणि ते किती वेळ बरोबरीने झुलतात ते बघत बसला. सोन्यानंतर चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी, गहूसुद्धा. हजारात एका भागाचा फरक असता तरी त्याला कळला असता असं त्याने १६८७ च्या प्रिन्सिपिया या ग्रंथात लिहून ठेवलंय, आणि फरक मिळाला नाही. जगातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ पेटीत गहू भरून झुलवतोय हे चित्र मला फार आवडतं, पोरांना सांगितलं की त्यांचे पण डोळे चमकतात.

त्यानंतर हंगेरीच्या एट्व्हशने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुडापेस्टमध्ये तारेला आडवी दांडी टांगून तिच्या दोन टोकांना वेगवेगळ्या पदार्थांची वजनं लावली. पृथ्वी फिरते म्हणून दोन्ही वजनांवर बाहेर ढकलणारा जोर येतो, तो जडत्वीय वस्तुमानावर अवलंबून, आणि पृथ्वीची ओढ गुरुत्वीय वस्तुमानावर, तेव्हा दोन पदार्थांत या दोन वस्तुमानांचं गुणोत्तर जरा जरी वेगळं असतं तर तार पिळली गेली असती. नाही गेली. पुढे पुढे त्याची अचूकता अब्जात काही भागांपर्यंत गेली, तरी फरक शून्यच. आणि अगदी अलीकडे, एप्रिल २०१६ मध्ये फ्रान्सने मायक्रोस्कोप नावाचा उपग्रह सोडला, त्यात टायटॅनियमचं आणि प्लॅटिनमचं अशी दोन पोकळ सिलिंडर एकात एक ठेवलेली, दोन्ही पृथ्वीभोवती पडताहेत, त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा कणभर जरी पुढे सरकायला लागलं तरी त्याला जागेवर ठेवायला विजेचा किती जोर लावावा लागतो ते मोजत राहायचं. २०२२ मध्ये शेवटचा निकाल आला, एकावर पंधरा शून्य इतक्या भागांत एकाच्या आसपास अचूकता आणि फरक सापडला नाही. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलेला व्हिडिओ पोरांनी यूट्यूबवर बघितलेला असतो, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा.

आणि आइनस्टाइनने नेमकी इथेच मांड ठोकली. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरीला असताना त्याच्या डोक्यात आलं की वरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणारच नाही, आणि हे खरं असायला ती दोन वस्तुमानं तंतोतंत सारखी असावी लागतात. बाकीच्यांना जो योगायोग वाटत होता तो त्याने पाया धरला आणि त्यावर १९१५ पर्यंत अख्खी व्यापक सापेक्षता, म्हणजे त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, उभी केली. दोन वस्तुमानं वेगळी सांगितलीच नाहीत तर आइनस्टाइनने नेमकं काय केलं ते पोरांना कळणार कसं? नुसतं तो फार हुशार होता एवढंच कळतं.

गुरुत्वीय वस्तुमानाचे पण पुन्हा दोन भाग आहेत बरं का. एक म्हणजे दुसऱ्याने किती ओढलं आणि एक म्हणजे आपण दुसऱ्याला किती ओढतो, पुस्तकी भाषेत निष्क्रिय आणि सक्रिय. हर्मन बाँडी यांनी १९५७ च्या एका पेपरात जडत्वीय, निष्क्रिय आणि सक्रिय अशी तिन्ही सरळ वेगळी मांडली. न्यूटनचा तिसरा नियम खरा असेल तर शेवटची दोन सारखीच असली पाहिजेत, पण म्हणून तपासायचं नाही असं थोडंच आहे. १९८६ मध्ये दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी चंद्रच वापरला. चंद्राचं कवच अॅल्युमिनियमने भरलेलं, आतला भाग लोहाने, आणि दोघांचे मध्य एका जागी नाहीत, वस्तुमानाचा मध्य आकाराच्या मध्यापासून जवळपास २ किलोमीटर सरकलेला आहे. आता समजा लोह अॅल्युमिनियमला जितकं ओढतं तितकंच अॅल्युमिनियम लोहाला ओढत नसेल, तर चंद्र स्वतःच स्वतःला ढकलायला लागेल आणि त्याची कक्षा बदलत जाईल. अपोलोवाल्यांनी ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून चंद्राचं अंतर वर्षानुवर्षं मोजलेलं होतंच, त्यात असलं काही दिसलं नाही.

सक्रिय वस्तुमानाची आणखी एक गंमत आहे जी पोरांना मी हमखास सांगतो. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७२ गुणिले १० चा २४ वा घात किलो, हे आपण पाठ करतो पण किलोतला हा आकडा चार-पाच अंकांपुढे खात्रीचा नाही, कारण G, म्हणजे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातला स्थिरांक, तोच तेवढा अचूक माहीत नाही. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाचे गोळे टांगून सुरुवात केली त्याला सव्वादोनशे वर्षं होऊन गेली तरी G चं मोजमाप भौतिकशास्त्रातल्या सगळ्यात चिवट मोजमापांपैकी एक आहे. पण G आणि पृथ्वीचं वस्तुमान M यांचा गुणाकार मात्र उपग्रहांच्या फिरण्यावरून ३,९८,६००.४४ (घन किलोमीटर भागिले सेकंदाचा वर्ग) इथपासून पुढे आणखी कितीतरी अंकांपर्यंत माहीत आहे. म्हणून यानाची कक्षा काढताना पृथ्वी किती किलोची हे कुणी वापरतच नाही, थेट तो गुणाकार घेतात. पृथ्वी किती ओढते ते आपल्याला पक्कं माहीत आहे, ती किती किलोची हे त्यामानाने कच्चं.

आता वर्गातल्या मूळ व्याख्येकडे येतो कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. शाळेत शिकवतात वस्तुमान म्हणजे वस्तूतलं द्रव्याचं प्रमाण. सहावी-सातवीला ठीक आहे, कुठून तरी सुरुवात करावी लागते. पण दहावी-अकरावीलाही हेच चालू राहतं आणि मग दोन ठिकाणी गाडी अडते. एक तर केमिस्ट्रीच्या तासाला मोल येतो, म्हणजे कण किती आहेत ते मोजायचं एकक, आणि १९७१ पासून पदार्थाचं प्रमाण ही स्वतंत्र राशी आहे, तिचं एकक मोल, किलो नव्हे. म्हणजे फिजिक्सचे सर सांगतात प्रमाण म्हणजे किलो आणि पुढच्या तासाला केमिस्ट्रीच्या मॅडम सांगतात प्रमाण म्हणजे मोल, आणि पोरगं मधल्या मध्ये.

दुसरं जास्त महत्त्वाचं. एक लिटर पाणी घट्ट बंद भांड्यात घ्या आणि २० डिग्रीवरून १०० डिग्रीला न्या, एक थेंब बाहेर गेला नाही, एक रेणू वाढला नाही. तरी वस्तुमान वाढतं. किती? साधारण पावणेचार नॅनोग्रॅम, कुठल्याही काट्यावर दिसणार नाही पण हिशोब पक्का आहे, तीन लाख पस्तीस हजार ज्यूल ऊर्जा आत गेली तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा. आइनस्टाइनने १९०५ च्या सप्टेंबरातल्या त्या छोट्याशा पेपरात हेच सांगितलं होतं, की वस्तूचं जडत्व तिच्यातल्या ऊर्जेवर अवलंबून असतं. पाण्यात ते नॅनोग्रॅममध्ये आहे म्हणून दिसत नाही, सूर्यात दिसतं, तो दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. द्रव्याचं प्रमाण हीच व्याख्या घट्ट धरून बसलं तर यातलं काहीच समजत नाही.

आणि इथून सरळ त्या वाक्यावर येतो जे मला लेखांत, क्लासच्या नोट्समध्ये आणि यूट्यूबवरच्या मराठी विज्ञान व्हिडिओत सारखं दिसतं, की वेग वाढला की वस्तुमान वाढतं आणि प्रकाशाच्या वेगाला ते अनंत होतं. हे कुठून आलं ते पण सांगतो, ते काही कुणी हवेतून काढलेलं नाही. १९०० च्या आसपास काउफमान हा जर्मन शास्त्रज्ञ रेडियममधून निघणारे अतिवेगवान इलेक्ट्रॉन चुंबकाने आणि विजेने वळवून बघत होता, आणि वेग वाढला की ते वळवायला जास्त जड जातात असं दिसत होतं. लोरेन्ट्झ आणि अब्राहम यांनी त्यासाठी दोन वस्तुमानं काढली, एक गतीच्या दिशेने ढकललं तर लागू पडणारं आणि एक आडवं ढकललं तर. दोघांचे आकडे वेगवेगळे! गॅमा हा जो वेगाबरोबर वाढत जाणारा गुणक आहे तो आडव्याला एकदा लागतो आणि सरळला तीनदा. म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनचं वस्तुमान तुम्ही कुठल्या बाजूने ढकलता त्यावर ठरणार. ते अर्थातच गैरसोयीचं, म्हणून १९१२ मध्ये टोलमनने आडव्यावाल्या गॅमा m लाच सापेक्षतावादी वस्तुमान म्हणायचा आग्रह धरला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं पुस्तकांत तेच चाललं, आपल्याकडे त्याच पुस्तकांवरून आलं.

पण त्याने अर्धवट चित्र तयार होतं. पोरं मला विचारतात सर, रॉकेट इतकं जोरात नेलं की वस्तुमान वाढून वाढून त्याचं ब्लॅकहोल होईल का? प्रश्न एकदम रास्त आहे, वस्तुमान खरंच वाढत असेल तर व्हायलाच पाहिजे. पण होत नाही, कारण रॉकेटमध्ये बसलेल्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं, आणि अंतराळातून येणाऱ्या एखाद्या कॉस्मिक किरणाच्या बाजूने बघितलं तर आपणच आत्ता या क्षणी प्रकाशाच्या जवळपास वेगाने चाललोय, झालो का आपण ब्लॅकहोल? गुरुत्वाकर्षणातही ते आयतं बसवता येत नाही. प्रकाशाला त्याच्या ऊर्जेइतकं वस्तुमान देऊन न्यूटनच्या पद्धतीने हिशोब केला तर सूर्याच्या कडेने जाणारा किरण ०.८७ आर्कसेकंदाने (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) वळायला हवा, व्यापक सापेक्षता सांगते १.७५, बरोब्बर दुप्पट, आणि १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टन आणि मंडळींनी बघितलं तेव्हा कौल दुपटीच्या बाजूने पडला. खुद्द आइनस्टाइनने १९४८ मध्ये एका पत्रात लिहिलंय की हलणाऱ्या वस्तूसाठी वेगळं वस्तुमान आणणं चांगलं नाही, त्याची स्पष्ट व्याख्या करता येत नाही, त्यापेक्षा संवेग आणि ऊर्जा यांची सूत्रं द्यावीत. १९८९ मध्ये रशियाच्या लेव्ह ओकुन यांनी फिजिक्स टुडे मासिकात याच विषयावर दणदणीत लेख लिहिला, त्यावर उलटसुलट पत्रं आली, आजही काही शिक्षकांना गॅमा m सोयीचं वाटतं आणि त्यांचाही मुद्दा मी समजू शकतो, परीक्षेतली चार गणितं त्याने पटकन सुटतात. पण कणभौतिकीत काम करणारी माणसं वस्तुमान म्हणतात तेव्हा एकच वस्तुमान म्हणतात, जे वेगाने बदलत नाही. जिनिव्हाजवळच्या कण आदळवायच्या यंत्रात प्रोटॉन ६.८ टेव्हीपर्यंत नेतात (टेव्ही, जीईव्ही, एमईव्ही ही ऊर्जेची एककं, प्रत्येक पुढचं आधीच्याच्या हजाराव्या भागाइतकं, आणि कणांचं वस्तुमानही त्यातच सांगतात), तेव्हा तो प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त ३ मीटरच्या आसपास मागे असतो, त्याची ऊर्जा सात हजार पटींहून जास्त झालेली असते, पण त्याचं वस्तुमान विचाराल तर ९३८ एमईव्हीच, टेबलावर पडलेल्या प्रोटॉनइतकंच.

या न बदलणाऱ्या वस्तुमानाला काही लोक विराम वस्तुमान म्हणतात, मला अचल, म्हणजे न बदलणारं, वस्तुमान जास्त बरं वाटतं कारण ते स्थिर नसलेल्या गोष्टींनाही लागू पडतं. फोटॉन कधी थांबतच नाही, त्याचं वस्तुमान शून्य. पण बरोबर उलट्या दिशांना निघालेले सारख्याच ऊर्जेचे दोन फोटॉन एकत्र धरले तर त्या जोडीचं वस्तुमान शून्य नसतं! संवेग एकमेकांना खोडून काढतात, ऊर्जा शिल्लक राहते, आणि ती ऊर्जा म्हणजेच जोडीचं वस्तुमान. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कण सापडल्याचं जाहीर केलं ते बऱ्याच अंशी याच गणितावर. टक्करीतून निघालेले दोन-दोन फोटॉन पकडायचे, प्रत्येक जोडीचं वस्तुमान काढायचं, आलेख काढत जायचं, आणि त्या आलेखात १२५ जीईव्हीच्या जागी एक उंचवटा दिसला. शून्य आणि शून्य मिळून १२५. वस्तुमानांची बेरीज करता येत नाही हे याहून चांगलं कुठे दिसणार?

त्या वेळी आपल्याकडे देवकण, देवकण करून एवढा गजर झाला आणि बहुतेक ठिकाणी छापलं गेलं की विश्वातल्या सगळ्या वस्तूंना वस्तुमान या कणामुळे मिळतं. हे बरोबर नाही हो. हिग्ज क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनला, क्वार्कला वस्तुमान मिळतं हे खरं, पण प्रोटॉन ९३८ एमईव्हीचा आणि त्यातल्या तीन क्वार्कची, म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणांची, वस्तुमानं मिळवली तर होतात जेमतेम ९. बाकीचं सगळं आत कोंडलेल्या क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेचं. ६० किलोच्या माणसात हिग्जचा वाटा साधारण एक टक्का धरा, ६०० ग्रॅमच्या आसपास. उरलेले ५९ किलो म्हणजे त्या गरम पाण्यातल्या पावणेचार नॅनोग्रॅमचीच गोष्ट, फक्त प्रचंड प्रमाणावर. हे छापलं असतं तर वाचकांना देवकणापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं असतं असं मला मनापासून वाटतं.

किलोबद्दल दोन ओळी. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या पॅरिसजवळच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर नाही, क्वांटम भौतिकीतल्या प्लांकच्या स्थिरांकावर आहे, आपल्या दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली ५७ नंबरची प्रत आता जगाच्या त्या मूळ ठोकळ्याशी बांधलेली नाही. ही नवी व्याख्या प्रत्यक्षात आणायचा एक मुख्य मार्ग किबल बॅलन्सचा, त्यात वस्तूची पृथ्वीकडून होणारी ओढ विजेच्या जोराने तोलतात, म्हणजे त्या खोलीतला g फार बारकाईने मोजावाच लागतो. या मार्गाने मिळणारा इतका अचूक किलोसुद्धा शेवटी गुरुत्वीय वस्तुमानातून येतो आणि जडत्वीयला तोच चालतो, कारण न्यूटनपासून मायक्रोस्कोपपर्यंतच्या लोकांनी ते तपासून ठेवलंय.

हे सगळं आता लिहायचं कारण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी, वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने साधारण २,६०० कोटींची मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मंडळी यात सुरुवातीपासून आहेत, ती चालू झाली की ब्लॅकहोलच्या टकरीच्या बातम्या मराठी पेपरात आपल्या मातीतल्या बातम्या म्हणून येणार, आणि अशा प्रत्येक बातमीतला मुख्य आकडा वस्तुमानाचाच असतो. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली तेव्हाचं बघा, एक ब्लॅकहोल ३६ सूर्यांइतकं, दुसरं २९, मिळून ६५ व्हायला हवं तर तयार झालं ६२ चं, तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या एका छोट्या भागात लहरी होऊन निघून गेलं. त्यात आणखी बारकावे आहेत. विश्व प्रसरण पावतंय म्हणून लहर ताणली जाते आणि यंत्राला ती वस्तुमानं खऱ्यापेक्षा मोठी दिसतात, त्या पहिल्या टकरीत साधारण ९ टक्क्यांनी, ६५ चे ७१ सूर्य. आणि लहरीतून सगळ्यात नेमकं जे निघतं ते यातलं कुठलंच नसून चर्प मास म्हणून दोघांचं मिळून बनलेलं एक तिसरंच वस्तुमान असतं, लहरीचा सूर किती झपाट्याने चढत जातो त्यावरून ते काढतात. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत ते १.१९ सूर्य इतकं नेमकं मिळालं पण दोन तारे वेगवेगळे किती-किती वस्तुमानाचे हे मात्र ढोबळच राहिलं.

तेव्हा आपल्या विज्ञान पानाला माझी विनंती एवढीच की आकडा छापताना तो कुठल्या वस्तुमानाचा आहे हे एका ओळीत द्या, यंत्राला दिसलेलं की तिथलं खरं, ओढीवरून काढलेलं की हलवून बघितलेलं. आणि वेगाने वस्तुमान वाढतं हे वाक्य लेखात आलं तर लेखकाला फोन करून विचारा की ऊर्जा म्हणायचंय का. जमलं तर दहावी-अकरावीच्या पोरांसाठी न्यूटनच्या त्या गव्हाच्या पेटीवर एक अर्धं पान कराच, दोन सारखे डबे, दोरा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढ्यात तो प्रयोग घरी होतो. दोरा लांब घ्यायला सांगा, डबे एकाच उंचीवरून सोडायला सांगा, आणि आतला माल दोन्ही डब्यांत एकाच पातळीला मध्यभागी बसवायला सांगा, नाहीतर दोन लंबकांची लांबीच वेगळी होते आणि पोरांना उगाच फरक दिसतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक फिजिक्स शिक्षक, बार्शी